डीबगर जोडताना वीज कोठे अडते?



विहिरीवरची मोटार चालू होईनाशी झाली म्हणजे जाणता शेतकरी काय करतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कळ दाबावी, तर मोटार नुसती घुमते; पाणी काही येत नाही. तो तत्काळ कळ बंद करतो, आणि मोटारीला हात लावण्यापूर्वी स्टार्टरच्या पेटीवरील काट्याकडे पाहतो. तिन्ही फेज आल्या आहेत काय? दाब पुरेसा आहे काय? आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, काळ्या जमिनीत कपाशी घेणाऱ्या गावांतून, ही गोष्ट शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असते. अजाण मनुष्य मात्र मोटारच जळाली असे ठरवून ती वर काढतो, ट्रॅक्टरमध्ये घालून रिवाइंडिंगच्या दुकानात नेतो, आणि दुकानदार प्रामाणिक असला तर तशीच परत आणतो.

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती तळहातावर मावणारी आहे, आणि तिला लागणारी वीज त्या मोटारीच्या मानाने नखाएवढीही नाही. परंतु तिच्या बाबतीत चांगली शिकली-सवरलेली माणसे नेमकी त्या अजाण माणसासारखी वागतात. त्या माणसांत मी स्वतः आले, म्हणूनच हा विषय निवडला.

मायक्रोकंट्रोलर हा शब्द आता शाळकरी मुलांच्या तोंडी रुळला आहे. एका चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. हिशेब करणारा भाग, स्मरणात ठेवणारा भाग आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिना, हे सारे एकाच काळ्या तुकड्यात असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९७४ साली अशी चिप बाजारात आणली. १९८० साली इंटेलची ८०५१ आली, आणि आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तिच्यावर हात बसवला. २००५ साली इटलीतील इव्रेया या गावी आर्डुइनोचा बोर्ड जन्मास आला, आणि ही विद्या शाळेपर्यंत पोचली. २०१६ साली नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने शाळांतून अटल टिंकरिंग लॅब उघडण्यास आरंभ केला, तेव्हा सहावीपासूनच्या मुलांच्या हाती असे बोर्ड आले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तर 'वेगा' या नावाने स्वदेशी प्रोसेसर तयार केले असून, त्यांवर आधारलेले 'एरीस' नावाचे बोर्डही निघाले आहेत. तात्पर्य, ही वस्तू आता परदेशी नवलाची राहिलेली नाही. ती कपाटात असते, आणि बिघडली म्हणजे आपल्यालाच पाहावी लागते.

या बोर्डात प्रोग्राम पोचवणे, आणि तो चालत असता आत काय घडते आहे ते टप्प्याटप्प्याने थांबवून पाहणे, ही दोन कामे करणारे जे लहान उपकरण असते त्यास डीबगर म्हणतात. त्याचे एक टोक यूएसबीने संगणकाला आणि दुसरे टोक तारांनी बोर्डाला जोडलेले असते. बग म्हणजे किडा. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू या संगणकाच्या रिलेमध्ये खरोखरीच एक पतंग अडकलेला सापडला, आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. यंत्रातील दोष या अर्थी हा शब्द मात्र त्याहून जुना, एडिसनच्या काळापासूनचा आहे. असो. आमच्या हकिकतीत किडा कोठेच नव्हता, तरी तो शोधण्यात आमचे तीन दिवस गेले.

आजच्या अनेक ३२ बिटांच्या चिपना डीबगर जोडण्यास चारच तारा पुरतात. एक ठोके देणारी, एक माहितीची ने-आण करणारी, तिसरी ग्राउंडची, आणि चौथी बोर्डावर जेथे ३.३ व्होल्ट असे लिहिलेले असते त्या पिनला जाणारी. पहिल्या दोन उलटसुलट झाल्या तर काम होत नाही. पण बहुधा नुकसानही होत नाही. मोठा घोटाळा होतो तो चौथीविषयी.

गोष्ट नाताळच्या सुट्टीपूर्वीच्या आठवड्यातली. मी जेथे विज्ञान शिकवते त्या शाळेतील नववीच्या एका मुलीने जमिनीतील ओल मोजणारा बोर्ड तयार केला होता. मावल्याच्या शिवारात तिच्या वडिलांनी हरभरा पेरला होता. पाणी केव्हा द्यावे हे बोर्डाने सांगावे, अशी तिची कल्पना. सुट्टी संपताच प्रदर्शन होते. तोवर आम्ही वापरत होतो तो डीबगर म्हणजे अंगठ्याएवढी एक कांडी होती. तिची एक पिन मोडली. मी ओळखीच्या एका गृहस्थांकडून मोठा, चांगल्या जातीचा डीबगर उसना आणला. मुलीने चारही तारा पूर्वीच्याच जागी लावल्या. संगणकाने सांगितले की समोर कोणी नाही. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच.

आदल्या दिवशी तिने एक छोटा पंप रिलेमार्फत जोडून पाहिला होता, हे मला ठाऊक होते. मी क्षणाचाही विचार न करता सर्व वर्गासमोर म्हणाले, "काल पंप लावलास, आणि चिप जाळून बसलीस." ती म्हणाली, "बाई, बोर्डावरचा दिवा तर लागतो आहे. जरा मंद आहे, इतकेच." तिच्या उत्तरातील दुसरे वाक्य ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. तसा बोर्ड आमच्याकडे एकच. नवा मागवावा तर सुट्टीपूर्वी येण्याची आशा नाही. मुलीने बोर्ड डबीत ठेवला, आणि पुढचे दोन दिवस ती प्रयोगशाळेकडे फिरकली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच.

तिसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी मल्टिमीटर घेऊन बसले. मल्टिमीटर हे साधन आता काही शंभर रुपयांत मिळते, आणि माझ्या मते ज्या प्रयोगशाळेत बोर्ड आहे आणि मल्टिमीटर नाही, तिने बोर्ड विकून आधी मल्टिमीटर घ्यावा. काळी सळई ग्राउंडवर आणि तांबडी ३.३ च्या पिनवर टेकवली. काटा असता तर थरथरला असता. आकडा कधी १.९ तर कधी २.१ दाखवू लागला. दिवा मंद का, ते तेथेच कळले. चिप मेलेली नव्हती. ती उपाशी होती. आणि गंमत अशी की हाच आकडा संगणकाच्या पडद्यावरही, चुकीच्या संदेशाच्या दोन ओळी वर, पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता. मी संदेश वाचला होता. आकडा वाचला नव्हता.

आता हे कसे घडले ते पाहू. आमची जुनी कांडी चौथ्या तारेतून बोर्डाला ३.३ व्होल्ट देत असे. बोर्डाला दुसरा पुरवठा नव्हताच. कांडीच त्याची अन्नदाती होती, आणि हे आमच्या कधी लक्षातही आले नव्हते. उसना आणलेला डीबगर चौथ्या तारेतून काहीही देत नव्हता. तो त्या तारेने बोर्डाला विचारत होता, की बाबा, तू किती व्होल्टवर चालतोस? मोठ्या जातीच्या पुष्कळ डीबगरांची हीच रीत आहे. जे-लिंकच्या वीस पिनांच्या जोडणीतील पहिली पिन अशीच विचारणारी असते. एसटी-लिंक व्ही-टूच्या वीस पिनांच्या मोठ्या रूपातही पहिल्या दोन पिना बोर्डाचा दाब आत घेण्यासाठी असतात. त्याच नावाने मिळणाऱ्या छोट्या कांड्यांवर मात्र ३.३ आणि ५ व्होल्ट देणाऱ्या पिना असतात. नाव एक, तारेची जागा एक, आणि काम अगदी उलटे. मग नवशिक्याची फसगत झाली तर नवल कसले?

विचारण्याचे प्रयोजनही समजून घेतले पाहिजे. काही बोर्ड १.८ व्होल्टवर चालतात, काही ३.३ वर, जुने काही ५ वर. विजेच्या भाषेत 'होय' म्हणजे पुरवठ्याच्या जवळपासचा दाब, आणि 'नाही' म्हणजे शून्याच्या जवळपासचा. म्हणून घरच्या माणसांच्या आवाजाची पट्टी पाहून पाहुण्याने बोलावे, त्याप्रमाणे डीबगर आधी बोर्डाचा दाब पाहतो आणि मग आपल्या तारांवर तेवढाच दाब ठेवतो. विचारणाऱ्या तारेवर त्याला शून्य मिळाले, तर तो बोलायलाच तयार होत नाही. पडद्यावर येणारा 'समोर कोणी नाही' हा संदेश अशा वेळी अक्षरशः खरा असतो. त्यावरून चिप मेली असे अनुमान काढणे ही आपली चूक.

मग दिवा तरी मंद का होईना, लागत कसा होता? यातच या विषयातील सर्वांत फसवी गोष्ट आहे. बोर्डाची मोजमापे वाचण्यासाठी मुलीने आणखी एक यूएसबीचे उपकरण जोडले होते. सीरियल तारांनी ते चिपशी बोलते. अशा तारेचा स्वभाव असा की ती स्वस्थ असते तेव्हा तिच्यावर पूर्ण दाब उभा असतो. आणि बहुतेक चिपच्या पिनांमागे संरक्षणासाठी डायोड असतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. पिनवर पुरवठ्यापेक्षा अधिक दाब आला तर तो या झडपेतून पुरवठ्याच्या तारेत सोडून द्यायचा, अशी योजना असते. पण पुरवठाच नसेल तर पिनवरचा कोणताही दाब 'अधिक' ठरतो, झडप उघडते, आणि सीरियल तारेतली वीज चोरवाटेने बोर्डाच्या पुरवठ्यात झिरपते. वाटेत अर्धाएक व्होल्ट झडप खाते, उरलेला बोर्डावरची मंडळी ओढतात. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आड कोरडा असून पोहऱ्याच्या तळाशी चार थेंब दिसतात, आणि माणूस फसतो. अशा अवस्थेत चिप कधी अर्धवट जागी होते, कधी भलताच जबाब देते. शिवाय त्या झडपा असा भार सतत वाहण्यासाठी केलेल्या नसतात.

ही चोरवाट ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बोर्डाचा मुख्य पुरवठा काढून घ्यावा, आणि दिवा पूर्ण विझतो की नाही ते पाहावे. विझला नाही, तर उरलेल्या तारा एकेक करून सोडवाव्यात. जी काढताच दिवा विझेल ती वाट. मी सीरियलची तार काढली, बोर्डाला त्याच्या स्वतःच्या यूएसबीतून वीज दिली, चौथी तार विचारण्यासाठी ठेवली. पडद्यावर ३.३ हा आकडा उमटला, आणि दोन सेकंदांत प्रोग्राम आत गेला. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात जाऊन, जेथे दोष दिला होता तेथेच, चूक माझी होती हे सांगितले. मुलीने मान डोलावली आणि विचारले, "मग बाई, पंपाने काहीच झाले नाही का?" तिचा प्रश्न योग्य होता. पंपाविषयीही थोडे सांगतो म्हटले तर सांगण्यासारखे आहे. पण त्याआधी त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाने केलेली करामत सांगते.

माझे स्पष्टीकरण ऐकून त्याने आपल्या बोर्डाला कांडीतून वीज द्यायचे ठरवले, आणि ३.३ ची तार बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला लावली. कमी दाब दिला तर नुकसान काय, असा त्याचा विचार. नुकसान झाले नाही, पण कामही झाले नाही. बोर्डावर ५ चे ३.३ करणारा रेग्युलेटर असतो. स्वस्त बोर्डांवर बहुधा १११७ या क्रमांकाचा असतो, आणि तो आपल्या मेहनतान्यादाखल सुमारे १.१ व्होल्ट ठेवून घेतो. आत ३.३ दिले, तर बाहेर जेमतेम २.२ निघतात. एसटीएम३२एफ१०३ या फार प्रचारात असलेल्या चिपला किमान २ व्होल्ट लागतात. म्हणजे ती कशीबशी जागी राहते, ओळखही देते, आणि प्रोग्राम लिहिण्याचे काम निम्म्यात आले की थकते. 'ओळख पटते, पण लिहिता येत नाही' अशी तक्रार ऐकली की मी आता प्रथम हीच तार पाहते. याच्या उलट प्रकार मात्र प्राणघातक आहे. ५ व्होल्टची तार ३.३ च्या पिनला लागली, तर रेग्युलेटर बाजूला राहतो आणि दाब थेट चिपवर पडतो. वर सांगितलेल्या चिपची सहनशक्ती ४ व्होल्टपर्यंतच आहे. कांडीवर या दोन पिना शेजारीशेजारी असतात. त्यांची नावे तिच्या पत्र्याच्या कवचावर छापलेली असतात, आणि ते छापील नाव आतल्या पाटीवरील नावाशी जुळेलच अशी खात्री नसते. कवच सरकवून आतले नाव वाचावे, आणि तरीही तार लावण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजावे.

आता केबलविषयी. मोबाइल चार्ज करण्याच्या काही केबलींत दोनच तारा असतात. माहितीच्या तारा नसतातच. अशी केबल लावली की डीबगरवरचा दिवा लागतो, पण संगणकाला तो दिसत नाही, आणि मुले ड्रायव्हर बदलत बसतात. दुसरी जात बारीक तारांची. अठ्ठावीस गेजची तांब्याची तार घेतली, तर तिचा विरोध दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. दोन मीटरच्या केबलीत जाणे-येणे धरून चार मीटर तार, म्हणजे सुमारे ०.८५ ओहम. तीमधून ४०० मिलिअँपिअर वाहिले, तर ०.३४ व्होल्ट केबलीतच संपतात. यूएसबीचा दाब ५ व्होल्ट म्हणतात, पण नियमानुसार तो ४.७५ असला तरी चालतो. त्यातून ०.३४ गेले, उरले ४.४१, आणि रेग्युलेटरला ३.३ अधिक १.१, म्हणजे ४.४ हवेत. आपण काठावर उभे आहोत, आणि कोणी जरा धक्का दिला की तोल गेला.

तो धक्का देणारा म्हणजे आमच्या मुलीचा पंप. तिचा पंप वेगळ्या सेलांवर होता, म्हणून त्याने चिपला इजा केली नाही. पण रिले बोर्डावरूनच वीज घेत होता, आणि तो ओढला जाताच पुरवठा क्षणभर खाली जाई. गावात कोणाची मोटार सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मिचकतो, तोच प्रकार. चिपला तेवढा क्षण पुरतो; ती दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, आणि डीबगरचा संवाद तुटतो. वाय-फाय असलेल्या चिपमध्ये तर रिलेचीही गरज नाही. ईएसपी३२ संदेश पाठवू लागली की तिची भूक एकदम वाढते. तिच्या पुरवठ्याची ताकद ५०० मिलिअँपिअर तरी असावी, असे तिचे निर्मातेच सांगतात. यूएसबी २.० च्या नियमानुसार उपकरणाने ओळख देईपर्यंत १००, आणि परवानगी मिळाल्यावर ५०० मिलिअँपिअर घ्यावेत. यात डीबगर, चिप, रिले, सारे आले. 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' अशी ओळ ती चिप छापते ती याच कारणाने. ती वाचून प्रोग्राममध्ये चूक शोधू नये.

येथे मल्टिमीटर मात्र दगा देतो. तो सरासरी दाखवतो. हजारांश सेकंदाची बुडी त्याला दिसत नाही. ऑसिलोस्कोप असेल त्याने तो लावावा. आमच्यासारख्यांनी बोर्डाच्या ३.३ आणि ग्राउंड या पिनांमध्ये शंभर मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, त्याची अधिक-उणे टोके नीट पाहून, लावावा. तो रांजणासारखा काम करतो, नळाची धार क्षणभर आटली तरी घरातले पाणी आटू देत नाही. तक्रार थांबली, तर दोष बुडीचा होता असे समजावे. आणि रिलेला वेगळा पुरवठा द्यावा, त्याचे ग्राउंड तेवढे एकत्र ठेवावे.

वेगळे पुरवठे म्हटले की एक मोह होतो. बोर्डाला यूएसबी लावलेली आहेच, आणि कांडीचे ३.३ ही जोडलेले आहेत. दोन पुरवठे असले तर बळ दुप्पट, असे वाटते. तसे होत नाही. दोन्ही उगमांचा दाब तंतोतंत सारखा कधीच नसतो. ज्याचा किंचित अधिक तो दुसऱ्यात उलटी वीज ढकलू पाहतो. एक बंद केला तर दुसरा त्याच्या पोटात वीज भरतो. देणारा एकच असावा. बोर्डाला स्वतःचा पुरवठा असेल, तर कांडीची देणारी तार सोडून द्यावी. मोठ्या डीबगरची विचारणारी तार मात्र ठेवलीच पाहिजे. नुसत्या कांडीवर बोर्ड चालवायचा असेल, तर दुसरी यूएसबी काढावी.

राहिले ग्राउंड. 'दोन्ही उपकरणे एकाच संगणकाला आहेत, मग ग्राउंडची तार कशाला?' असे मुले विचारतात. बोर्ड सेलांवर असेल, तर त्याचा आणि डीबगरचा शून्य एक नसतो. आणि शून्य एक नसेल, तर ३.३ या आकड्याला अर्थ उरत नाही. मावल्यातल्या घराची उंची एकाने तलावाच्या काठापासून मोजली आणि दुसऱ्याने हमरस्त्यापासून, तर दोघांचे कसे जुळावे? ग्राउंडची तार नसता कधीकधी काम चालते, कारण वीज दुसरीकडून वाट काढते. पण असे चालणे न चालण्याहून वाईट, कारण ते कोणत्या दिवशी थांबेल त्याचा नेम नसतो.

आणि हे ग्राउंड म्हणजे भिंतीतले अर्थिंग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना त्याच्या पत्र्याला मनगट लागले तर मुंग्या येतात, हा अनुभव अनेकांना असेल. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये, किंवा तीन पिनांचा असूनही बोर्डातले तिसरे भोक रिकामेच असेल तर, आतल्या लहान कपॅसिटरमधून किंचित वीज बाहेरच्या अंगावर येते. प्रवाह अत्यल्प, पण दाब २३० च्या निम्म्याच्या आसपास जाऊ शकतो. माणसाला मुंग्या, चिपच्या पिनला मात्र तो शेवटचा धक्का ठरू शकतो, विशेषतः बोर्डाला जोडलेले दुसरे एखादे उपकरण नीट अर्थिंग केलेले असेल तर. म्हणून जोडताना ग्राउंडची तार सर्वांत आधी लावावी, काढताना सर्वांत शेवटी काढावी, आणि संशय असेल तेव्हा लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करावे. चार्जर काढताच तक्रार गेली, तर वायरमनला बोलवावे. जुन्या इमारतींतून अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून एकदा भरला की कोणी त्याकडे पाहत नाही. काळी माती उन्हाळ्यात वाळून तिला भेगा पडल्या की त्या खड्ड्यात घागरभर पाणी घालायचे असते, हे आमच्या आधीच्या पिढीच्या शिपायांना माहीत असे.

एवढे सारे पाहूनही बोर्ड बोलला नाही, तर मग चिपचा संशय घ्यायला हरकत नाही. त्याचीही खूण आहे. सर्व पुरवठा काढून ३.३ आणि ग्राउंड यांमधला विरोध मोजावा. आकडा हळूहळू चढत गेला, तर ते कपॅसिटर भरण्याचे लक्षण, घाबरू नये. एक-दोन ओहमवरच अडकून राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. वीज देताच चिप बोटाला चटका देण्याइतकी तापत असेल, तर पुरवठा त्याच क्षणी तोडावा. तिला बहुधा नवीच आणावी लागते. माझ्या हाताखालून गेलेल्या 'मेलेल्या' बोर्डांपैकी अशा अवस्थेतला आजवर एकच निघाला.

मुलीचा बोर्ड प्रदर्शनात चालला. बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळाले. परंतु तो बोर्ड तिने पुढे हरभऱ्याच्या शेतात रोवला, आणि सेल उतरले की आकडे कसे खोटे येतात ते आता ती मला शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत तिने एक नियम केला आहे. वीज देणारी तार तेवढी तांबडी. विचारणाऱ्या तारेला तांबडा रंग द्यायचा नाही, ती पिवळी. उसना आणलेला डीबगर मी सुट्टीनंतर परत केला. त्याच्याबरोबर चुकून आमची पिवळी तारही गेली, आणि ती मी मुद्दामच परत मागितलेली नाही.